दिवा कुणासाठी?

बुलढाण्यासारख्या घाटावरच्या गावी, जेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र दृष्टीस पडावयास शेकडो मैल तुडवावे लागतात, तेथे आमच्या बैठकीच्या खोलीत एक समुद्र आहे. तो दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असून चोहोबाजूंनी काचेने बांधलेला आहे. त्यात शंभर लिटरांच्या आतबाहेर पाणी मावते. दर लिटरास पस्तीस ग्रॅम या हिशेबाने त्या पाण्यात तयार मिळणारे सागरी मीठ विरघळविलेले आहे, आणि वर एक दिवा टांगलेला आहे. आलेला पाहुणा प्रथम मासे पाहतो, मग पाण्यातले दगड पाहतो, आणि शेवटी वर मान करून दिव्याकडे पाहतो. आमच्या दूधवाल्याने तर पहिल्याच दिवशी सरळ विचारले, "सर, मासोयीले दिवा समजला, पन दगडाले दिवा कायले?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्ही मोठ्या प्रौढीने दिले. ते उत्तर पुस्तकी दृष्टीने बरोबरही होते. त्याचा अर्थ मात्र आम्हास पुढे दोन महिन्यांनी कळला, आणि तोही दूधवाल्याहून कमी शिकलेल्या प्राणिमात्रांकडून कळला. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

हौस तशी जुनी. आम्ही सातआठ वर्षांचे असताना वडिलांनी आम्हास मुंबई दाखविली. राणीचा बाग, गेट वे, दोन मजली बस, सारे पाहिले. पण मनात राहिले ते चौपाटीच्या वाटेवरील तारापोरवाला मत्स्यालय. 1951 साली उघडलेल्या त्या वास्तूतील काळोखी वाट, आणि त्या काळोखात दोहों बाजूंस उजळलेल्या काचा! दिवसाउजेडी रात्र करून त्या रात्रीत कोणी समुद्राचे तुकडे मांडून ठेवावेत, तसे ते आम्हास वाटले. पुढे इंग्रजी वाङ्मय शिकलो, ते शिकविण्यात तीस वर्षे घालविली. समुद्रावरच्या कविता कितीतरी वेळा वर्गात समजावून सांगितल्या. ज्या मुलांनी समुद्र पाहिला नाही त्यांना, आणि बहुतेक वर्षे समुद्रापासून दूर राहिलेल्या माणसाने! पन्नाशी उलटल्यावर मात्र वाटले की, आता एक समुद्र घरीच असावा.

बेत जाहीर होताच महाविद्यालयातील स्टाफरूममध्ये विनोदास ऊत आला. "मीठ विकत कशास घेता? लोणार आहे की आपल्या जिल्ह्यात!" असे एका सहकाऱ्याने सुचविले. यावर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी गंभीरपणे खुलासा केला की, समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे पीएच आठाच्या थोडे वर; लोणारचे दहाच्या आसपास. तेथे मिठाबरोबर सोड्याचे क्षार फार. आईन-इ-अकबरीतदेखील लोणारचा उल्लेख येतो तो साबण व काच करण्यास लागणाऱ्या द्रव्यांच्या संबंधाने. समुद्रातला मासा त्या पाण्यात सोडला तर घटकाभरही टिकावयाचा नाही. खारे म्हणून सारे पाणी एक नव्हे, हा पहिला धडा आम्हास असा फुकट मिळाला. त्याचा भाऊबंद असलेला दुसरा धडा, म्हणजे उजेड म्हणून सारा उजेड एक नव्हे हा, मात्र आम्हास पैसे मोजून घ्यावा लागला.

टाकीत काय ठेवावयाचे, हे प्रथम कायद्याने ठरविले. आपल्या देशात खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे प्राणी 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात घातलेले आहेत. म्हणजे वाघास जे संरक्षण तेच त्यांना. ते आम्हास योग्यच वाटले. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी आपल्याच टाकीत वाढविलेले, अळंब्याच्या आकाराचे मऊ जीव आम्हास दिले. हौशी लोक त्यांना 'मशरूम' म्हणतात. ते प्रवाळांचे सख्खे नव्हेत, पण चुलत भाऊ खास. दगडास चिकटून बसतात आणि खडक मात्र बांधीत नाहीत. असे अकरा जीव, विदूषक माशांची एक जोडी, आणि काही सच्छिद्र दगड, एवढा आमच्या समुद्राचा संसार.

आता राहिला दिवा. येथेच आमच्या विद्वत्तेस भर आला. आम्ही वाचू लागलो. डार्विनने 1842 साली प्रवाळखडकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि खडक बांधणारे प्रवाळ वीसतीस पुरुष पाण्याच्या खाली जगत नाहीत हे नोंदविले. त्याचे मुख्य कारण पुढे उलगडले. या प्राण्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल वस्तीस असते. ते उजेडात साखर तयार करते, आणि त्या साखरेतला मोठा वाटा घरमालकास भाड्यादाखल देते. आमच्या मशरूमांच्या घरीही हाच भाडेकरू. म्हणजे हे प्राणी हात पसरून बसतात खरे. पण बहुतांशी जेवतात ते ऊन.

आणि हे ऊन वरून खाली येताना बदलते. पांढरा प्रकाश पाण्यात शिरला की पाणी त्यातले रंग एकामागून एक गिळू लागते. तांबडा सर्वांत आधी जातो; दहा मीटरांपर्यंत तो जवळजवळ संपतोच. मग नारिंगी, मग पिवळा. निळा मात्र स्वच्छ पाण्यात शंभर मीटरांच्याही पलीकडे पोहोचतो. म्हणून समुद्रातले हे भाडेकरू शैवाल निळ्या प्रकाशावर संसार करावयास शिकले आहे. घरातील पांढऱ्या ट्यूबचा उजेड साडेसहा हजार केल्व्हिनचा, तर अशा टाकीसाठी चौदा ते वीस हजार केल्व्हिनचा निळसर दिवा सांगतात तो याच कारणाने. पूर्वी याकरिता मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे वापरीत. त्यांच्या उष्णतेने पाणी तापे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या वैशाखात तर त्यांचे नावही काढू नये. त्यानंतर बारीक ट्यूबा आल्या. त्यांचा उजेड सारखा पसरे, पण त्या वरचेवर बदलाव्या लागत. आता एलईडीचे राज्य आहे. त्यातही तांबडा एलईडी 1962 सालीच निघाला होता, आणि चांगला उजळ निळा मिळावयास मात्र विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस 2014 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसास जो रंग शेवटी साधला, तोच या मुक्या जीवांस प्रथम हवा होता!

एवढे सारे वाचून आम्ही काय केले? मुंबईच्या एका दुकानदारास विचारले, "सर्वांत जोरदार दिवा कोणता?" त्याने 165 वॅटचा एक दिवा दाखविला, आणि त्याच्या खोक्यावरील ल्यूमेनचा आकडा बोट ठेवून वाचून दाखविला. वास्तविक ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यास उजेड किती भासतो त्याचे आहे, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्यास अधिक मान देतो. शैवालाच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप निराळे आहे. त्यास हौशी लोक 'पार' म्हणतात. भर दुपारी उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठावर ते दोन हजारांच्या घरात असते. खडक बांधणाऱ्या नाजूक प्रवाळांस दोनतीनशे लागते. आणि आमच्या गरीब मशरूमांस पन्नासाच्या आसपास पुरते. हे आम्ही वाचले नव्हते असे नाही. परंतु 'कमी पुरते' हे वाक्य वाचताना मनुष्य त्याचा अर्थ 'अधिक दिल्यास उत्तम' असाच करून घेतो.

आमचे चिरंजीव त्या दिवसांत घरी आले होते. चिखलीस त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. ते खोक्याकडे पाहून म्हणाले, "बाबा, एवढा लागतो का? मी बघू का एखादा?" आम्ही उत्तर दिले, "अरे, हे तुझ्या घरगुती बल्बांचे काम नव्हे." ते काही बोलले नाहीत. सौभाग्यवतींनी मात्र आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की तिचे माप कोणत्याही यंत्रात सापडावयाचे नाही.

दिवा लागला आणि खरोखरच तारापोरवाला घरी आले! पाण्यातून प्रकाशाच्या लहरी वाळूवर खेळू लागल्या. विदूषक मासे नारिंगी ठिणग्यांसारखे चमकू लागले. शेजारची मंडळी पाहून गेली. आम्ही पहिल्याच दिवसापासून दिवा पूर्ण जोरावर, दिवसाचे बारा तास ठेविला. उत्तम तेच द्यावयाचे, आणि भरपूर द्यावयाचे, या भावनेने ठेविला. पाचव्या दिवशी मशरूमांच्या कडा आत वळल्या. आम्ही समजलो की त्यांना अजून उजेडाची सवय नाही, होईल. दहाव्या दिवशी त्यांचा तपकिरी-हिरवा रंग ओसरू लागला. आम्ही समजलो, भूक लागली असावी. म्हणून दिवा आणखी चार बोटे खाली आणला! तिसऱ्या आठवड्यात ते पांढरे पडले. चुन्यासारखे पांढरे नव्हेत; फडके पुन्हा पुन्हा धुऊन विरल्यावर जसे आरपार दिसते, तसे. अकरांतले चार विरघळून गेले.

पुस्तकात याचे कारण अर्ध्या पानात दिलेले आहे. उजेड प्रमाणाबाहेर झाला की तेच शैवाल घातक स्वरूपाचा प्राणवायू निर्माण करू लागते, आणि प्राणी जीव वाचविण्यासाठी आपल्या अन्नदात्यासच घराबाहेर काढतो. समुद्र तापला म्हणजेही असेच घडते. 2024 च्या एप्रिलात शास्त्रज्ञांनी जाहीर केलेले जगभरातील चौथे प्रवाळविरंजन ते हेच. फरक इतकाच की, तेथे सारी मानवजात अपराधी आहे, आणि आमच्या बैठकीत एकटे आम्ही.

त्या रविवारी चिरंजीव पुन्हा आले. त्यांनी खुर्ची ओढून टाकीसमोर पाऊण तास नुसते बसून काढले. मग विचारले, "बाबा, हा दिवा तुम्हाला बघायला घेतला की यांना?"

आम्ही म्हणालो, "यांनाच. चांगले मिळावे म्हणून."

"पहिल्याच दिवशी पूर्ण दिला?"

"हो."

ते उठले. त्यांनी दिवा वीतभर वर चढविला, पांढऱ्या दिव्यांची कळ जवळजवळ मिटवून निळ्याची पंचवीस टक्क्यांवर आणली, आणि वेळ आठ तासांवर. "महिनाभर हात लावू नका. मग आठवड्याला थोडा थोडा वाढवू, आणि यांचं तोंड बघून थांबू," असे त्यांनी सांगितले. मग विजेच्या तारेस सॉकेटच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल आणि सॉकेटात शिरणार नाही. इतकी वाचने करून ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. त्या झोळावाचून एखादे दिवशी टाकीतल्या जीवांबरोबर आमचाही निकाल लागला असता.

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. बैठकीत येऊन बसलो. दिवा विझलेला होता, आणि काळोखात ती सात फिकट वर्तुळे अंधुक दिसत होती. हे विरलेपण आम्ही पूर्वी कोठे पाहिले आहे, हे आठवावयास फार वेळ लागला नाही.

हाच मुलगा सोळा वर्षांचा असताना आम्ही त्यास दूरच्या एका मोठ्या शहरी, नामांकित शिकवणीच्या वर्गात ठेविले होते. त्याला पंखे, रेडिओ खोलून पुन्हा जुळविण्याचा नाद. आम्हास वाटे, हा नाद म्हणजे अभियंत्याचे मूळ, त्यास प्रकाश हवा. म्हणून मिळेल तेवढा प्रकाश दिला: पहाटेचा वर्ग, दुपारचा वर्ग, रात्रीची परीक्षा, भिंतीवर टांगलेली क्रमवारी. त्याची पत्रे आखूड होत गेली. दूरध्वनीवर तो "बरं आहे" एवढेच म्हणे, आणि आम्ही आणखी दोन पुस्तके पाठवीत असू. दिवा चार बोटे खाली! दोन वर्षांनी तो परत आला तो असाच पांढरा पडून. वर्षभर घरात होता. जेवी, झोपे, आणि कोणाच्या डोळ्यांस डोळा देत नसे. मग एके दिवशी आपण होऊन आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या वर्गात नाव घालून आला. रंग हळूहळू परतला. पण तो परतताना आम्ही पाहिला नाही. 'चिरंजीव काय करतात?' असे कोणी विचारले की 'व्यवसाय करतात' असे म्हणून आम्ही विषय बदलीत असू. दुकान उघडून सहा वर्षे झाली होती, आणि चिखलीहून अनेकदा जाऊनही आम्ही त्याची पायरी चढलो नव्हतो. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही शेकडो निबंधांत तपासली आहे. दिवा आपल्याच हातात असतो, हे मात्र कोणत्याही विद्यार्थ्याने लिहिले नव्हते.

आमच्या आईची पोवळ्यांची एक माळ घरी आहे. पोवळे हेही प्रवाळच. परंतु ते तांबडे प्रवाळ भूमध्य समुद्रात खडकांच्या कपारींत व खोल अंधुक पाण्यात वाढते. त्याच्या अंगी शैवालाचा भाडेकरू नाही; त्यास उजेडाची गरज नाही. इतका गाढा लाल रंग, आणि तो जवळजवळ अंधारात तयार झालेला! दुसरे उदाहरण मालवणचे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात डोके घालून आम्ही प्रवाळ पाहिले आहेत. ते पाणी चित्रातल्यासारखे निळे नव्हते, गढूळ होते, तरी त्या मंद उजेडात त्यांचा संसार चालला होता. आणि घरच्या लोणारचे काय? एरवी शैवालाने हिरवे दिसणारे ते पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले आणि सारे जग पाहावयास लोटले. पाणी आटून खारेपणा वाढला, तशी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची चलती झाली, असे तपासणीत आढळले. त्या कुळातले काही जीव हिरव्या पानाचा आधार न घेता आपल्या जांभळ्या रंगद्रव्याने उन्हातून शक्ती काढतात. ऊन तेच, तळे तेच. पण ते घेणाऱ्याची रीत निराळी. उजेडाचे चांगलेवाईट हे उजेडात नसते. ते घेणाराच्या अंगी असते. आणि देणारास ते ठाऊक व्हावयाचे तर घेणाराच्या समोर पाऊण तास नुसते बसावे लागते.

पुढल्या आठवड्यात आम्ही चिखलीस गेलो. निमित्त दिव्याच्या वेळेचे नियमन करणाऱ्या टायमरचे होते. तो चिरंजीवांनी घरी आणून दिलाच असता. त्यांनी आम्हास पाहिले, क्षणभर थांबले, आणि एक स्टूल पुसून पुढे केले. आम्ही बसलो. दुकानात एक वृद्ध बाई बल्ब मागावयास आल्या होत्या. "चांगला मोठा दे रे बापा," त्या म्हणाल्या. चिरंजीवांनी विचारले, "कोणत्या खोलीत लावायचा, आजी? तिथं काय करता?" बाई म्हणाल्या, "पोथी वाचतो. डोयाचं आपरेशन झालं न." त्यांनी मोठा बल्ब परत फळीवर ठेविला, मंद पिवळसर उजेडाचा एक काढला, आणि तो कोठे लावावा म्हणजे उजेड पोथीवर पडेल आणि डोळ्यांवर पडणार नाही, हे हाताने दाखवून सांगितले. बाईंचे दहावीस रुपयेही वाचले.

तीस वर्षे आम्ही वर्गात उभे राहून उजेड वाटला. 'तिथं काय करता?' असे समोरच्या एकाही मुलास विचारल्याचे आम्हास आठवत नाही.

टायमरचे पैसे ते घेईनात. आम्ही आग्रहाने दिले आणि बिल मागितले. "घरच्याला बिल कसलं, बाबा?" असे म्हणून ते हसले; पण शेवटी फाडून दिले. त्यावर दुकानाचे नाव छापलेले आहे. ते बिल आमच्या मेजाच्या खणात आहे.

सात मशरूमांपैकी पाच आता पुरते तपकिरी-हिरवे झाले आहेत. एकाच्या बुडाशी उडदाएवढे पिल्लू फुटले आहे. दोघांचे अजून सांगवत नाही. दिवा चाळीस टक्क्यांवर आहे, आणि तेथेच राहील. पाहुण्यांस आता टाकी पूर्वीसारखी भव्य दिसत नाही. 'दिवा जरा मंद वाटतो' असे ते म्हणतात. दूधवाल्यास मात्र आम्ही आमचे पहिले उत्तर सुधारून दिले आहे.

चिरंजीवांस जे सांगावयास हवे होते ते त्या दिवशी स्टुलावर बसून सांगता आले नाही. ते मासिके वाचीत नाहीत. त्यांची आई मात्र वाचते.